लुंगी नेसून बसायचं घर

"हे फाटलंय, की फाडलंय?"

दार उघडलं की समोरच्या अक्काची नजर आधी आलेल्याच्या गुडघ्यांवर जायची आणि पहिला प्रश्न हाच. या, बसा, कोण तुम्ही, पाणी हवं का, हे सगळं नंतर.

प्रश्नामागे कारण होतं. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर पुण्याहून नुकतीच आलेली एक मुलगी राहायची. तिनं कोरी जीन्स लांबी कमी करायला म्हणून अक्काकडे आणली. दोन्ही गुडघ्यांवर कंपनीनंच पाडलेली मोठी भोकं होती. मुलीला ऑफिसचा फोन आला, ती बाल्कनीत गेली, फोन लांबला. तेवढ्यात इकडे लांबी बाजूला राहिली आणि हिनं गुडघा भरायला घेतला. तोही असा, की भोक नेमकं कुठं होतं ते शोधावं लागावं. मुलगी आत आली आणि तिचा चेहरा उतरला.

"अक्का, ते तसंच असतं."

"तसंच म्हणजे?"

"फाटकीच विकतात."

हिनं पँट उलटसुलट करून पाहिली. "आणि तू घेतलीस?"

ती मुलगी पुढं बरेच महिने एक गुडघा झाकलेला आणि एक उघडा अशी पँट घालून फिरत होती. लोकांना तीच नवी फॅशन वाटली. अक्कानं मात्र तेव्हापासून आधी विचारून घ्यायचा नियम केला.

सगळे तिला अक्काच म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणते. के. आर. पुरममध्ये आमच्या समोरचा फ्लॅट तिचा. तिच्या घराण्याला बेंगळुरूत येऊन किती पिढ्या झाल्या ते तिलाही सांगता यायचं नाही. घरात मराठी बोलायची, पण त्या मराठीत थोडंला स्वल्प, बरंला सरी, झालंला आयतु असे कन्नड शब्द पोह्यांतल्या शेंगदाण्यांसारखे मधूनमधून लागायचे. सरकारी कचेरीत टायपिस्ट होती, निवृत्त झाली. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. शिवणकाम हा तिचा धंदा नव्हता. हौस होती, आणि तीही फक्त जीन्सची. साडीला फॉल लावून मागितला तर सरळ नाही म्हणायची. "त्यात काय आहे? सरळ रेघ."

आता तिच्या पद्धतीबद्दल सांगते, कारण सगळा घोळ तिथूनच झाला.

तिच्याकडे कपडा ठेवून जाता यायचं नाही. "ठेवून जायचं नाही. बस." आधी फाटकी पँट घालूनच तिच्यासमोर मांडी घालायची, उकिडवं बसायचं, जिना चढल्यासारखा पाय उचलायचा. कापड कुठं ताणतं ते ती खडूनं खूण करून घ्यायची. मग दिवाणाच्या टोकाला घडी करून ठेवलेली तिच्या नवऱ्याची चौकड्याची लुंगी तुमच्या हातात. आत जा, पँट काढ, लुंगी नेस, येऊन दिवाणावर बस. शिवून होईपर्यंत तिथंच. मधे दोन-तीनदा पुन्हा पँट चढवून दाखवायची. "घालणारा समोर नसला तर टाका किती सैल सोडायचा कसं कळणार?" असं तिचं म्हणणं.

तुम्ही विचार करा. लुंगी नेसलेला माणूस जाणार कुठं? बाहेर पडता येत नाही, लिफ्टमध्ये शिरता येत नाही. फोन बघून कंटाळा येतो. समोर एक बाई पँटच्या पायात स्टीलची वाटी पालथी घालून, त्यावर कापड ताणून, एकेक धागा खालून-वर, वरून-खाली घेत बसलेली. ती काही विचारत नाही. मग माणूस बोलायला लागतो.

एचएसआर लेआउटमधल्या कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेला आमच्याच इमारतीतला एक गृहस्थ मी तिथं पाहिलाय. वर इस्त्रीचा शर्ट, खाली लुंगी, मांडीवर लॅपटॉप, आणि कोणाला तरी इंग्रजीत झापतोय. झापून झाल्यावर लॅपटॉप मिटला आणि अक्काला म्हणाला, "माझंच चुकलं होतं खरं तर." अक्का म्हणाली, "पाय हलवू नको, उभं राहून दाखव."

सगळं हातानं. जुन्या जीन्सच्या कापलेल्या पट्ट्या तिनं आइस्क्रीमच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. त्यांतूनच धागे ओढून काढायची. जीन्सचं कापड जवळून पाहिलंत तर दिसेल, उभे धागे निळे असतात आणि आडवे पांढरे. तसेच ती भरायची, निळ्याच्या जागी निळा, पांढऱ्याच्या जागी पांढरा. एका गुडघ्याला अख्खी दुपार.

मला हे अजिबात पटायचं नाही. मलाही शिवता येतं. माझ्याकडे पायाचं मशीन आहे, लग्नात नागपूरहून आणलेलं. आतून ठिगळ लावायचं, वरून मागं-पुढं दाट टिपा मारायच्या, दोरा तोडायचा, पुढची पँट. चहा निवायच्या आत काम संपतं आणि तो गुडघा पुन्हा फाटत नाही, पँट दुसरीकडे फाटते. ऑफिसात माझं काम तेच आहे. खुर्ची मोडली, एसी बंद पडला, कॅब आली नाही. तक्रार माझ्याकडे येते आणि संध्याकाळच्या आत मिटते. लोकांचं ऐकून घेत बसले असते तर एक खुर्ची दुरुस्त झाली नसती.

तरी आमचं बरं चाललं होतं. ती समोर, मी इकडे. सणाला वाटी जायची, वाटी यायची. माझी मुलगी केतकी तिच्याकडे जायला लागेपर्यंत.

पहिल्यांदा गेली ती पँट दोन मांड्यांच्या मधे विरली म्हणून. मी म्हटलं, दे इकडे, ठिगळ मारते. तर म्हणाली, "मशीनचं टोचतं आई." सकाळी गेली ती जेवायला आली तेव्हा भात गार झाला होता.

"एवढा वेळ?"

"बोलत बसलो."

"काय बोलत बसलात?"

"असंच."

या 'असंच'वर मी पुढं बरीच झुरले. केतकी नोकरी करणारी मुलगी, माझ्याशी दिवसभरात तिचं बोलणं म्हणजे 'डबा घेतला', 'चार्जर कुठाय', 'उशीर होईल'. समोर जाऊन हिला तासन्‌तास असंच बोलायला मिळतं. मी त्या बाईला इतकी वर्षं 'अक्का, तुम्ही' म्हणत आले. केतकी दुसऱ्याच खेपेला 'अक्का, तू' म्हणायला लागली, आणि अक्का तिला 'पुट्टी' म्हणायला लागली. कन्नडमध्ये लाडक्या लहान मुलीला म्हणतात. लहान मुलगी चोवीस-पंचवीस वर्षांची होती.

मग मला माझ्याच मुलीच्या बातम्या बाहेरून मिळायला लागल्या. भाजीच्या गाडीवर अक्का म्हणाली, "कारली घे ना. पुट्टीला आवडतात."

"आमच्या केतकीला? ती कारल्याचं नाव काढू देत नाही."

"पूर्वी. आता खाते. स्वल्प गूळ टाक."

मी कारली घेतली नाहीत. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं, कारलं रक्ताला चांगलं." त्याची स्वतःची जुनी जीन्स अक्कानं भरून दिली होती आणि तोही तिथं लुंगी नेसून बसून आला होता. त्यानं तिथं काय सांगितलं ते मी विचारलं नाही. त्याच्या बातम्या मला आधीपासून माहीत आहेत.

दुसऱ्या वेळी कळलं की केतकीची अक्कलदाढ दुखते आहे. तिसऱ्या वेळी, की तिला ऑफिसातून कौतुकाची मेल आली. प्रत्येक वेळी मी "हो, मला माहितीय" असं म्हणायची. अक्का माझ्याकडे एकदा पाहायची आणि "सरी" म्हणून पुढची भेंडी मोडून बघायची.

मला वाटलं, सगळं या फाटण्यामुळे आहे. फाटणं बंद केलं की जाणं बंद होईल. ऑफिसात मी असाच विचार करते आणि तो बरोबर ठरतो. एका रविवारी केतकी मैत्रिणींबरोबर बाहेर गेली होती, तेव्हा तिचं कपाट उघडलं आणि झाडून सगळ्या जीन्स काढल्या. जी फाटली होती तिला ठिगळ. जी विरायला लागली होती तिला आतून अस्तर. जिचं काहीच झालं नव्हतं तिचे गुडघे आणि मांड्या आधीच पक्क्या करून टाकल्या. मऊ कापड घेतलं, टोचतं म्हणाली होती म्हणून. संध्याकाळी घड्यांची चवड रचून ठेवली आणि मला फार दिवसांनी बरं वाटलं.

केतकीनं चवड पाहिली. "सगळ्या केल्यास?"

"सगळ्या. आता दोन वर्षं बघायला नको."

"थँक्यू," ती म्हणाली. आवाज असा, जसा आपण नको असलेला पेढा घेताना काढतो.

पुढच्या शनिवारी मी अक्काची वाटी परत करायला गेले. दार लोटलेलंच होतं. दिवाणावर केतकी बसली होती, लुंगी नेसून, पाय वर घेऊन. शेजारच्या खुर्चीवर तिची जीन्स टाकलेली. मीच अस्तर लावलेली, धडधाकट, एक टाका निसटलेला नाही. आणि अक्का शिवत नव्हतीच. जमिनीवर बसून कोथिंबीर निवडत होती. सुई कुठंच दिसत नव्हती. केतकी काहीतरी सांगत होती आणि हात हवेत फिरवत होती, लहानपणी शाळेतून आल्यावर फिरवायची तसे. मला पाहून हात खाली आले.

"वाटी," मी म्हटलं.

"ठेव तिथं," अक्का म्हणाली.

मी ठेवली आणि परत आले. फाटकी पँट असती तर मी काहीतरी केलं असतं. धड पँटचं काय करणार?

सोमवारी ऑफिसला जायच्या आधी मी समोरची बेल वाजवली. अक्कानं दार उघडलं, सवयीनं माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं. मी सलवार घातली होती.

"तुझं काय फाटलंय?"

"काही नाही. मला विचारायचंय. केतकी काय बोलते तुमच्याशी?"

"तिला विचार."

"ती 'असंच' म्हणते."

"मग असंच असेल."

"अक्का, मी तिची आई आहे."

"ते मला माहितीय," अक्का म्हणाली. "म्हणून तर तुला सांगत नाही. तिचं आहे ते. मी कसं देऊ?" मग थोडं थांबून, "आत ये. बस."

"ऑफिसला उशीर होतोय."

"सरी," ती म्हणाली, आणि मी लिफ्टमध्ये शिरेपर्यंत दारात उभी राहिली.

मेट्रोत मी उभ्यानं दातओठ खात गेले. मला त्या बाईचा राग येत होता आणि रागवायला जागा सापडत नव्हती. चोरी केली म्हणावं तर तिनं काही घेतलं नव्हतं. मुलगी स्वतःच्या पायानं जाऊन देत होती.

त्याच आठवड्यात केतकीनं जेवताना सांगितलं. पानाकडे बघत.

"आई, मी इंदिरानगरला खोली घेतेय. ऑफिसातल्या दोघीजणींबरोबर."

आमच्या घरापासून इंदिरानगर मेट्रोनं किती लांब आहे हे इथं राहणाऱ्यांना सांगायला नको. एक पुस्तक उघडून वाचायला लागलात तर धडा पुरा होत नाही. म्हणजे लांब पडतं म्हणून ती जात नव्हती. स्वतःचं घर, स्वतःची खोली असताना त्याच गावात दुसरीकडे भाड्यानं. आमच्या नात्यागोत्यात असं कोणी केलेलं नाही. पण मी म्हटलं, हिला वाटायला नको की आई आडवी येते. काळ बदललाय, मी समजूतदार आहे. म्हणून लगेच म्हटलं, "खोलीत पलंग आहे का? नसेल तर पाहुण्यांची गादी ने. कुकर छोटा तुझाच ठेवलाय. गॅसचं काय?"

केतकीनं वर पाहिलं. "बघ. हेच."

"काय हेच?"

"मला अजून 'जाऊ का' असं विचारायचं होतं. तू गादीपर्यंत पोचलीस."

नवरा ताटातल्या लोणच्याकडे बघत बसला.

"अक्का म्हणाली होती, आई रडेल," केतकी म्हणाली. "मी म्हटलं, नाही रडणार. गादी देईल."

हे ऐकून मला नेमकं काय वाटलं ते सांगते. मुलगी जातेय याचं दुःख नंतर झालं. आधी वाटलं, त्या बाईनं माझ्याबद्दल बरोबर सांगितलं होतं आणि माझ्या मुलीनं चूक. आणि पैज मुलगीच जिंकली होती, कारण माझे डोळे कोरडे होते. मी उठून ताक आणायला गेले. फ्रिजचं दार जरा जास्त वेळ उघडं राहिलं. ताक घेऊन आले तेव्हा विषय गॅस सिलिंडरवर गेला होता.

केतकी गेली. गादी नेली, कुकर नेला. मी ऑफिसातली व्हॅन सांगून एका फेरीत सगळं पोचवलं. अक्काही खाली आली होती. केतकी तिला बिलगून रडली, मग माझ्या पाया पडली. मी म्हटलं, पोचलीस की मेसेज कर.

त्यानंतर आमच्या मजल्यावर आम्ही दोघीच उरलो, समोरासमोर. मला वाटलं होतं, आता हिशेब बरोबरीत आला, ना तिच्याकडे ना माझ्याकडे. तसं झालं नाही. केतकी रविवारी यायची तेव्हा आधी समोर जायची. "पाच मिनिटं, आई." मी भजी तळून ठेवायची आणि ती मऊ पडायची. समोरच्या दारामागून हसण्याचा आवाज यायचा. एकदा मी त्या दाराशी उभी राहून ऐकलंही. काही समजलं नाही. दोघी एकदम बोलत होत्या.

मग अक्काची मैसूरची बहीण पाय घसरून पडली, ती अंथरुणाला खिळली. दोघी एकट्याच. अक्कानं फ्लॅट भाड्यानं द्यायचं ठरवलं आणि सामान बांधलं. तिला निरोप द्यायला जमलेली माणसं पाहून मी थक्क झाले. सगळ्या मजल्यांवरची तरुण पोरं, तो झापणारा साहेब, पुण्याची मुलगी, दुसऱ्या इमारतीतले दोन-चार अनोळखी. प्रत्येकाचा चेहरा असा, की अक्का फक्त आपलीच होती. मला त्यांच्याकडे बघून हसू आलं. मीही काही महिने तोच चेहरा घेऊन फिरत होते, फक्त उलट्या कारणानं.

टॅक्सीत पिशव्या ठेवताना अक्का मला म्हणाली, "मी तुला आवडत नव्हते."

"असं काही नाही, अक्का."

"असू दे. मला पण तू आवडायची नाहीस." तिनं पाण्याची बाटली सीटच्या कोपऱ्यात नीट बसवली. "रोज नाही. पुट्टी लुंगी सोडून तुझ्या घरी जायला उठली की तेव्हा."

मी म्हटलं, "पोचलात की फोन करा." ती म्हणाली, "करते," आणि दार ओढून घेतलं. दार नीट लागलं नाही. मी बाहेरून जोरात ढकललं, तेव्हा लागलं.

समोर आता नागपूरचंच एक जोडपं राहतं. चांगली आहेत, दार बंद ठेवतात.

परवाच्या रविवारी केतकी आली आणि सरळ आमच्याच घरात शिरली, जाणार तरी कुठं दुसरीकडे? पँट गुडघ्यावर फाटली होती. सायकलवरून पडली म्हणाली. वडिलांची ढगळ ट्रॅकपँट चढवली आणि जीन्स माझ्याकडे फेकली. "मशीनवर दोन टिपा मार ना. संध्याकाळी निघायचंय."

"मशीनचा पट्टा सैल झालाय," मी म्हटलं. पट्ट्याला काही झालेलं नव्हतं.

एका जुन्या पँटची पट्टी कापली, धागे ओढून काढले. निम्मे तुटले. स्वयंपाकघरातून वाटी आणून पायात घातली आणि उभे धागे घ्यायला लागले. सुई जाड कापडातून जाईना, बोटात दोनदा रुतली. केतकी सोफ्यावर पाय घेऊन फोन बघत होती. कुकरची शिट्टी झाली. मी उठले नाही. नवऱ्यानं आपण होऊन जाऊन गॅस बंद केला, हे आमच्या घरात नवीन आहे.

मग केतकीनं फोन बाजूला ठेवला. आधी खोलीतली एक मुलगी हिचं दही खाते ते सांगितलं. दुसरी आंघोळीला किती पाणी घेते ते सांगितलं. मग म्हणाली, "आई, एक सांगू? पण तू लगेच काही करू नकोस."

"हातात सुई आहे. काय करणार?"

"मला ही नोकरी सोडावीशी वाटतेय."

माझ्या ओळखीतली तीन माणसं आणि त्यांचे फोन नंबर जिभेच्या टोकावर आले. मी दोरा दातांत धरला. "हं," म्हटलं.

ती बोलत राहिली. साहेब बदलला, नवा माणूस चारचौघांत अपमान करतो, घरी येऊन झोप लागत नाही. हात हवेत फिरायला लागले होते. मी पांढरा धागा निळ्याखालून काढत होते, वरून घेत होते. ऊन सोफ्यावरून खाली उतरलं. भोक भरत आलं होतं.

"झालं की," केतकी वाकून बघत म्हणाली. "मस्त झालंय. थांब, अक्काला फोटो पाठवते."

"नको. शेवटची ओळ वाकडी आलीय."

ओळ सरळ होती. मी कात्रीचं टोक घालून ती उसवली, मग तिच्या वरचीही उसवली, आणि सुईत नवा दोरा ओवत म्हटलं, "हं. मग काय म्हणाला तो?"